आईबाबांचं मेडिकेअर, २०२६ चे बदल आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत उरकायची कामं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईबाबा न्यू जर्सीत मुलाकडे राहतात, वडील ७३ चे आणि आई ६९ ची, ग्रीन कार्ड होऊन सहा वर्षं झालीत, २०२४ च्या अखेर दोघांना मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्य विमा, लागू झालं. ओरिजिनल मेडिकेअर (हॉस्पिटलचा पार्ट ए आणि डॉक्टर-तपासण्यांचा पार्ट बी) आणि औषधांसाठी पार्ट डी घेतलाय. जानेवारीत दोघं पुण्याला जाणार ते जुलैत परत. थँक्सगिव्हिंगला बहीण टेक्सासहून येतेय. विचारलंय की प्रीमियम वाढल्याचं पत्र आलंय ते खरं का, टीव्हीवर जाहिरात करतात तो झीरो प्रीमियमचा प्लॅन घ्यावा का, आणि थंडीत दोघांची तब्येत नीट राहावी म्हणून काय करावं, कारण त्यांना विचारलं की "आम्ही मजेत आहोत, तुम्ही एवढं करताय ते काय कमी आहे" एवढंच उत्तर येतं.

मी इथे बरीच वर्षं फार्मासिस्ट होते, रिटायर झाल्यावर शिपमध्ये काउन्सेलर म्हणून बसते, म्हणजे प्रत्येक राज्यात मेडिकेअरचा फुकट सल्ला द्यायचा जो सरकारी कार्यक्रम आहे त्यात. प्लॅन विकत नाही, कमिशन घेत नाही, त्यामुळे जे वाटतं ते सरळ सांगते.

आणि सुरुवात त्या शेवटच्या वाक्यापासून करते, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे, प्रीमियममध्ये नाही. आपले आईवडील मुलांचे उपकार मानतात आणि ते उपकार वाढू नयेत म्हणून दुखणं लपवतात. गोळी अर्धी करून घेतात. रात्री बाथरूमला जाताना पाय घसरला होता हे महिन्याभराने बोलता बोलता कळतं, तेही सुनेला नाही तर पुण्यातल्या मावशीला फोनवर सांगताना. जेवणाच्या टेबलावर एकेक जण "मी कशाबद्दल थँकफुल आहे" सांगतो तेव्हा आजोबा म्हणतात मुलाने आमचं सगळं केलं, सगळ्यांचे डोळे भरून येतात, आणि त्याच आजोबांनी तीन आठवडे शुगर तपासलेली नसते कारण पट्ट्या महाग आहेत असं त्यांना कुणीतरी पार्कात सांगितलेलं असतं. (पट्ट्या आणि मीटर पार्ट बी मध्ये येतात, डेडक्टिबलनंतर, म्हणजे आधी आपण भरायची ठरावीक रक्कम भरून झाल्यावर, २० टक्के भरायचे.) म्हणून माझं पहिलं सांगणं हे की आईबाबांना खरे आकडे सांगा. महिन्याला किती भरतो, कशाचे किती लागतात, काय फुकट आहे. आकडा माहीत नसला की माणूस मनात त्याच्या दहापट धरतो आणि मग काटकसर स्वतःच्या तब्येतीवर करतो.

तर आकडे. पत्र खरं आहे. पार्ट बी २०२५ मध्ये महिना १८५ डॉलर होता, २०२६ मध्ये २०२.९० होतोय. तुमच्या आईबाबांना पार्ट ए सुद्धा विकत घ्यावा लागतो कारण दोघांपैकी कुणाचेही इथल्या कामाचे ४० क्रेडिट नाहीत, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, तो ५१८ वरून ५६५ वर जातोय. एकाचे ७६७.९०, दोघांचे मिळून १,५३५.८०, म्हणजे महिन्याला जवळजवळ १३० डॉलरची वाढ. इथे एक गैरसमज कायम भेटतो की "मुलगा वीस वर्षं टॅक्स भरतोय की". मुलाचं काम आईवडिलांच्या खात्यात मोजत नाहीत. नवरा-बायकोचं एकमेकांच्या खात्यात चालतं, पण मुलांचं नाही, आणि बाबांनी भारतात बँकेत काढलेली तीस वर्षंही नाहीत.

मग लोक विचारतात की पार्ट ए सोडून फक्त बी ठेवला तर? ठेवता येतो. पण पार्ट ए म्हणजे हॉस्पिटलात भरती होण्याचा खर्च, आणि ७३ वर्षांच्या डायबिटिक माणसाचं तेच उघडं टाकायचं हे मला कधीच पटलेलं नाही. शिवाय ए नसेल तर खाजगी कंपनीचा अ‍ॅडव्हांटेज प्लॅनही मिळत नाही आणि उरलेला खर्च भरणारी मेडिगॅप पॉलिसीही नाही. "पुण्याला जातायत तर तेवढे महिने बंद करू" हा तर त्याहून वाईट विचार. पार्ट बी सोडून नंतर परत घेतला तर प्रत्येक पूर्ण वर्षाच्या गॅपला १० टक्के दंड लागतो आणि तो पार्ट बी असेपर्यंत, म्हणजे साधारण जन्मभर, आणि परत घ्यायची खिडकीही फक्त जानेवारी ते मार्च. गॅप वर्षाच्या आतला असेल तर दंड नाही, पण बाबा जुलैत परत आले की पुढच्या फेब्रुवारीपर्यंत काय करायचं? तेव्हा चालू ठेवा.

आता तो झीरो प्रीमियमचा प्लॅन, म्हणजे ए आणि बी चं संरक्षण खाजगी कंपनीकडून देणारा मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज. आधी हे लक्षात घ्या की झीरो म्हणजे त्या प्लॅनचा वरचा प्रीमियम झीरो, ते १,५३५ डॉलर तसेच भरायचेत. प्लॅन वाईट असतात असं मी म्हणणार नाही. ओरिजिनल मेडिकेअरमध्ये तुमच्या वाट्याच्या २० टक्क्यांना वर मर्यादाच नाही, अ‍ॅडव्हांटेजमध्ये असते, २०२६ मध्ये नेटवर्कमधल्या, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या, उपचारांसाठी जास्तीत जास्त ९,२५० आणि बऱ्याच प्लॅनची त्याहून कमी. दात, चष्मा, कानाचं यंत्र असं थोडंफार मिळतं जे ओरिजिनलमध्ये साधारणपणे नाहीच. बदल्यात नेटवर्क आणि आधी परवानगी घ्यायची कटकट.

पण तुमच्या घरात प्रश्न वेगळाच आहे, पुणे. अ‍ॅडव्हांटेज प्लॅन ठरावीक काउंटीपुरता असतो आणि तुम्ही सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त त्या भागाबाहेर राहिलात तर प्लॅन तुम्हाला काढू शकतो. जानेवारी ते जुलै नेमकं त्या रेषेवर बसतं. त्यामुळे मला कुणी "सगळ्यात स्वस्त प्लॅन कुठला" विचारलं की मी उलट विचारते, वर्षातले किती महिने भारतात आणि औषधं कुठली. ह्या दोन उत्तरांवर आपल्या लोकांचे नव्वद टक्के निर्णय होतात. आणि सहा महिन्यांच्या वरची गैरहजेरी ग्रीन कार्डवाल्याला पुढे सिटिझनशिपलाही नडू शकते, तर माझं स्पष्ट मत, परतीचं तिकीट जूनमध्ये आणा. पुण्यात तोपर्यंत आंबेही खाऊन होतात. मग सहा महिन्यांच्या आतच राहाल आणि अ‍ॅडव्हांटेजचा विचार तरी करता येईल, त्यातही पीपीओ (जास्त पैसे भरून नेटवर्कबाहेरही जाता येतं तो प्रकार) बघा, आणि तुमचे डॉक्टर आणि जवळचं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहेत का हे प्लॅनच्या वेबसाइटवर नाही तर डॉक्टरांच्या ऑफिसात फोन करून विचारा, यादी जुनी असते.

दुसरा रस्ता मेडिगॅप, म्हणजे ओरिजिनल मेडिकेअरची उरलेली फट भरणारी पॉलिसी. पार्ट बी सुरू झाल्यापासून पहिले सहा महिने तुम्हाला कुणी नाकारू शकत नाही, तुमचे ते महिने गेले. आता न्यू जर्सीत कंपनी औषधांची यादी बघून आईला घेईल आणि बाबांना नाकारेल असं होऊ शकतं (नदीपलीकडे न्यू यॉर्कमध्ये वर्षभर कधीही घेता येते). तरी अर्ज करून बघा, त्याला प्लॅन बदलायची ७ डिसेंबरची मुदत नसते. मेडिगॅपचा प्लॅन जी किंवा एन असेल तर परदेशातल्या इमर्जन्सीचंही थोडं मिळतं, प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत, २५० डॉलर कापून ८० टक्के, आयुष्यभरात ५०,००० पर्यंत. ओरिजिनल मेडिकेअर पुण्यात शून्य देतं, हे आईबाबांनाही माहीत असू दे. तिथली जुनी हेल्थ पॉलिसी असेल तर ती लॅप्स होऊ देऊ नका, त्या वयात नवी मिळायला त्रास होतो.

७ डिसेंबर यंदा, २०२५ मध्ये, रविवारी येतोय. थँक्सगिव्हिंग २७ नोव्हेंबरला, म्हणजे सुट्टीनंतर जेमतेम दहा दिवस. पार्ट डी आणि अ‍ॅडव्हांटेजचा बदल ह्याच मुदतीत करायचा, तो १ जानेवारीपासून लागू होतो. योगायोग असा की यंदा मार्गशीर्षातला पहिला गुरुवारही थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी आलाय आणि आदल्या दिवशी चंपाषष्ठी, त्यामुळे ज्या घरात महालक्ष्मीचा घट मांडतात तिथे टर्कीचा प्रश्नच नाही, भरीत-भाकरी बुधवारी, पुरणपोळी गुरुवारी, आणि पंपकिन पाय नातवंडांसाठी. तर काम शुक्रवारी करा. लोक पहाटे सेलला जातात तेव्हा तुम्ही डायनिंग टेबलावर औषधं मांडा.

खरंच मांडा. सगळी. इथल्या केशरी बाटल्या, पुण्याहून आणलेल्या पाकिटांची पिशवी, आयुर्वेदिक काढा, उशीखालची झोपेची गोळी, सगळं. हे काम मी कितीतरी घरांत केलंय आणि दर वेळी काहीतरी सापडतंच. सगळ्यात जास्त सापडतं ते एकच औषध दोन नावांनी. भारतात कॉम्बिनेशनच्या गोळ्या खूप चालतात. टेल्मा-एएम मध्ये टेल्मिसार्टनबरोबर अ‍ॅम्लोडिपिन असतं, आणि इथल्या डॉक्टरने वेगळं अ‍ॅम्लोडिपिन लिहिलेलं असतं, दोन्ही घेतलं की पाय सुजतात, उठल्यावर चक्कर येते, आणि घरात सगळे म्हणतात वय झालं. ग्लायकोमेट-जीपी मध्ये मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे, इथे कुणी ग्लिपिझाइड दिलं असेल तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, आणि चतुर्थीचा उपास असेल तर विचारूच नका. आईची थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेतलेलं मी कितीदा बघितलंय, त्यात चार तासांचं अंतर हवं नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ कमी होतं, त्यात शाकाहारी असलं की आणखी, तेव्हा पायाला मुंग्या येतात म्हटलं की एकदा ती तपासणी करून घ्या. पाकिटावर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात असतं ते मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम एका कागदावर उतरवा, बहिणीला लिहायला बसवा. तो कागद घेऊन डॉक्टरकडे जा, आपल्या मनाने काही बंद करू नका.

मग तीच यादी मेडिकेअरच्या वेबसाइटवर प्लॅन फाइंडरमध्ये टाका, फार्मसी निवडा आणि २०२६ चा वर्षभराचा एकूण खर्च बघा, नुसता प्रीमियम नाही. पार्ट डी ची यादी दरवर्षी बदलते, यंदाचा चांगला प्लॅन पुढच्या वर्षी तसाच असेल असं काही नाही, आणि सप्टेंबरात जे जाडजूड पत्र येतं ना बदलांचं, जे कुणी उघडत नाही, त्यात हेच लिहिलेलं असतं. २०२६ मध्ये पार्ट डी मधल्या औषधांवर खिशातून जास्तीत जास्त २,१०० डॉलर जातील, २०२५ मध्ये हे २,००० होतं. इन्शुलिन महिना ३५ डॉलरच्या वर नाही. आणि सरकारने वाटाघाटी करून ठरवलेल्या पहिल्या दहा औषधांच्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू होतायत, त्यात आपल्या घरांमध्ये चालणारी बरीच आहेत, शुगरचं जानुविया ५२७ डॉलरवरून ११३, शुगरचंच जार्डियन्स ५७३ वरून १९७, रक्त पातळ करायचं एलिक्विस ५२१ वरून २३१, सगळं महिन्याचं. ही औषधाची पूर्ण किंमत, तुमच्या हातात पडणारा फरक डेडक्टिबल आणि प्लॅनवर ठरेल (डेडक्टिबल जास्तीत जास्त ६१५), पण जानेवारी-फेब्रुवारीत जो दणका बसायचा तो कमी होईल. वर्षाच्या सुरुवातीचा बोजा बारा महिन्यांत वाटून द्यायचीही सोय आहे, प्लॅनला फोन करून मागायची. बाबा सिटाग्लिप्टिन, म्हणजे जानुवियाचंच औषध, पुण्याहून आणत असतील कारण २०२२ मध्ये तिथे पेटंट संपल्यावर ते स्वस्त झालं, तर त्याचा एक पैसाही ह्या २,१०० मध्ये मोजला जाणार नाही एवढं लक्षात असू दे. आणि उत्पन्न कमी असेल तर एक्स्ट्रा हेल्प (पार्ट डी च्या खर्चाला केंद्र सरकारची मदत) आणि न्यू जर्सीचा पाड (ज्येष्ठांच्या औषधखर्चाची राज्याची योजना), हे दोन्ही अर्ज करून बघायलाच हवेत. एक्स्ट्रा हेल्पला आईबाबांचं स्वतःचं उत्पन्न आणि बचत बघतात, तुमचा पगार नाही. पुण्याचं पेन्शन, भाडं, फिक्स्ड डिपॉझिटचं व्याज मात्र प्रामाणिकपणे लिहा.

तब्येतीचं म्हणाल तर मेडिकेअरमध्ये फुकट काय आहे ते आधी वापरा. वर्षातून एकदा वेलनेस व्हिजिट असते, तिला एक पैसा लागत नाही. पण ती आपल्याकडच्या फुल बॉडी चेकअपसारखी नसते, छातीला स्टेथोस्कोपही न लावता परत पाठवलं म्हणून आजी रागावतात. तिथे पडण्याचा धोका, स्मरणशक्ती, मन उदास आहे का, लसी, पुढच्या तपासण्यांचं वेळापत्रक हे बघतात. त्याच भेटीत तुम्ही गुडघा दुखतोय असा विषय काढलात तर त्याचं वेगळं बिल होऊ शकतं, त्यात फसवणूक नाही, नियमच तसा आहे. आणि ह्याच भेटीत, मी गंभीर आजारी पडलो तर काय करायचं आणि माझ्या वतीने कुणी बोलायचं, हे डॉक्टरांसमोर बोलून कागद करून ठेवता येतो, तेही फुकट. बहीण आली असताना हा विषय घरात काढा. आई म्हणेल सणाच्या दिवशी अशुभ काय बोलता, म्हणू दे. "तुमच्यानंतर" ने सुरुवात करू नका, "बाबा, तुम्ही बेशुद्ध असाल आणि मी एक सांगतोय आणि ताई दुसरं, तर डॉक्टरांनी कुणाचं ऐकायचं" असं विचारा, बाबा लगेच उत्तर देतात असा माझा अनुभव आहे.

लसी पुण्याला जायच्या आत उरका. फ्लू आणि न्यूमोनिया पार्ट बी मध्ये, नागिणीची आणि डॉक्टर म्हणाले तर आरएसव्ही ह्या श्वसनाच्या विषाणूची पार्ट डी मध्ये, २०२३ पासून ह्यालाही पैसे पडत नाहीत. नागिणीच्या दोन डोसांत दोन ते सहा महिने हवेत, दुसरा परत आल्यावर थोडा उशिरा घेतला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आईला शुगर नाही पण काठावर आहे असं डॉक्टर म्हणत असतील तर मेडिकेअरचा डायबिटिस प्रिव्हेन्शनचा कार्यक्रम विचारा, त्यात इतरांना बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ लागतो, आपल्या आशियाई लोकांना २३ पुरतो, कारण आपण काटकुळे दिसलो तरी पोटावर साठतं. पुष्कळ डॉक्टरांच्या ऑफिसात हे माहीत नसतं, तुम्हीच सांगा.

थंडीचं खरं संकट मात्र घरात बसून राहणं. घड्याळ मागे गेल्यापासून साडेचारला अंधार पडतो, मुलं कामावर, नातवंडं शाळेत, बाहेर गाडीशिवाय जाता येत नाही, आणि दिवसभर मराठी मालिका. पुण्यात हेच बाबा रोज टेकडीवर जायचे. त्यांना ट्रेडमिल आणून देऊ नका, त्यावर शाली वाळत पडतात. मॉल उघडल्या उघडल्या चालायला जाणारे आपले बरेच काका असतात, त्यांच्यात सोडून या. ताई-ची किंवा खुर्चीतला योग लायब्ररीत किंवा सीनियर सेंटरला असतो, तोल सांभाळायला ताई-ची उत्तम. महाराष्ट्र मंडळांचे ज्येष्ठांचे गट आहेत. आणि घरात त्यांना काम द्या, खरं काम, नातवाला पाढे शिकवणं किंवा औषधांचा तो कागद दर महिन्याला ताजा ठेवणं, कारण ज्याला घरात आपला उपयोग वाटतो तो उपकाराखाली दबत नाही आणि दुखलं तर सांगतो. बाथरूमला पकडायची दांडी लावा (मेडिकेअर देत नाही, स्वतः लावायची, सक्शनवाली नको), पलंग ते बाथरूम रात्रीचा दिवा, आणि त्या सपाट झालेल्या स्लिपर फेकून द्या.

हॉस्पिटलात जायची वेळ आलीच तर एक प्रश्न पाठ करा, "इनपेशंट आहे की ऑब्झर्वेशन?" रात्रभर खाटेवर झोपवलं म्हणजे भरती केलं असं होत नाही. ओरिजिनल मेडिकेअरमध्ये नंतर रिहॅबचे, म्हणजे सावरेपर्यंत नर्सिंग सेंटरमध्ये राहण्याचे, पैसे मिळायला तीन दिवस इनपेशंट असावं लागतं, ऑब्झर्वेशनचे दिवस त्यात धरत नाहीत, आणि हे लोकांना रिहॅबचं बिल आल्यावर कळतं.

फोनवर मेडिकेअर नंबर कुणालाही देऊ नका. "नवीन प्लास्टिक कार्ड पाठवतोय", "फुकट गुडघ्याचा पट्टा" असले फोन सणासुदीला वाढतात. मेडिकेअर आपणहून फोन करून नंबर मागत नाही, आणि आईबाबा सभ्यपणाने फोन ठेवत नाहीत, तेव्हा त्यांना सांगा की अशा वेळी फोन आपटला तरी चालतो.

राहिलं बिल. आईबाबांना सोशल सिक्युरिटी मिळत नाही म्हणजे प्रीमियम आपोआप कापला जात नाही, घरी पत्राने बिल येतं. दोघं पुण्यात असताना ते पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात गेलं आणि भरायचं राहिलं तर कव्हरेज जाऊ शकतं. जायच्या आत मेडिकेअर ईझी पे लावून टाका, बँकेतून दर महिन्याला वळतं होतं, चालू व्हायला काही आठवडे लागतात म्हणून फॉर्म ह्याच सुट्टीत भरा. आणि त्याच बैठकीत आईबाबांच्या सहीने मेडिकेअरला लेखी परवानगी द्या की मुलगा आणि मुलगी आमच्या वतीने बोलू शकतात. नाहीतर तुम्ही फोन कराल आणि पलीकडची बाई म्हणेल की वडिलांनाच द्या, आणि वडील तेव्हा पुण्यात झोपलेले असतील.

औषधांची यादी तयार झाली की आणि पुण्याच्या तारखा नक्की झाल्या की विचारा, अ‍ॅडव्हांटेज की मेडिगॅप ते तेव्हा नक्की सांगता येईल. ७ तारखेच्या आत मात्र, ८ ला फोन केलात तर ह्या वर्षीच्या बदलासाठी मी काही करू शकत नाही.